एमडी, १९८५चा कायदा आणि सांगलीची जुनी वाट

मार्च २०२४मध्ये मुंबई पोलिसांनी सांगली जिल्ह्याच्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचा, कारखाना पकडला. त्याआधी महिनाभर पुणे पोलिसांचा तपास कुपवाडपर्यंत येऊन पोचला होता. जानेवारी २०२५मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक कारखाना सापडला. माल बनवणाऱ्याला मोकळं सोडू नये, याबद्दल दुमत नाही. पण त्याच्या जोडीला नशा करणारं पोरही त्याच कायद्याच्या पिंजऱ्यात उभं राहतं. हे कसं झालं ते पाहायला मागं जावं लागतं.

इंग्रजांसाठी अफू-गांजा म्हणजे महसूल. १८९३-९४मध्ये त्यांनी नेमलेल्या आयोगानं सांगितलं, की बेतानं घेतलेल्या गांजाचं फारसं नुकसान दिसत नाही. बंदीपेक्षा कर आणि परवाना बरा. पुढं अमली पदार्थांवरचा संयुक्त राष्ट्रांचा १९६१चा करार आला. भारतानं तो स्वीकारला आणि गांजाबंदीसाठी २५ वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा लागू झाला. भांगेची पानं तेवढी त्याच्या बाहेर राहिली.

हा कायदा सुरुवातीला फार आंधळा होता. स्वतःपुरता थोडा माल असल्याचं सिद्ध करता आलं नाही, तर बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं. १९८९च्या दुरुस्तीनं जामिनाचं कलम ३७ आणलं, आणि काही गुन्हे पुन्हा केल्यास फाशी सक्तीची केली. ही सक्ती २०११मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं काढली. नशेमुळे होणारी हानी कमी करण्यासाठी झटणाऱ्या संस्थांच्या जाळ्यानंच ती याचिका केली होती.

२००१मध्ये शिक्षा मालाच्या वजनावर ठरू लागली. एमडी २ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अल्प, ५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर व्यापारी. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं, आणि जामीन हवा तर आरोपी दोषी नसावा असं मानायला न्यायाधीशांना खटल्याआधीच सबळ कारण दिसायला हवं. पण वजन कशाचं करायचं? २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शुद्ध अमली पदार्थ तेवढाच मोजला. चार किलोंच्या मालात हेरॉईन निघालं सुमारे ६० ग्रॅम. २०२०मध्ये न्यायालयानं हे मत फिरवलं. आता भेसळीची पूडही वजनात धरतात. मला हे अन्यायाचं वाटतं. सगळ्यात भेसळीचा माल घेतो तो शेवटच्या टोकाचा, खिसा रिकामा झालेला गिऱ्हाईक. २०२०मध्येच दुसऱ्या एका निकालानं तपास अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून अग्राह्य ठरवला, हा मात्र मोठा दिलासा.

कोर्टाबाहेर याच काळात दुसरा विचार रुजत होता. नशा आज सुटत नसेल, तर निदान माणूस जगला पाहिजे. मणिपुरात सुईवाटे एचआयव्ही पसरला तेव्हा राज्यानं १९९६च्या एड्स धोरणात हा विचार मान्य केला. पुढं राष्ट्रीय एड्स कार्यक्रमात स्वच्छ सुया आणि हेरॉईनच्या जागी देता येणारी ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधं आली. २०१४च्या दुरुस्तीनं एनडीपीएसमध्ये व्यसनी व्यक्तीच्या ‘उपचारा’शेजारी ‘व्यवस्थापन’, म्हणजे नशा सुटली नाही तरी सांभाळणं, हा शब्द बसवला.

सांगलीला ही वाट नवी नाही. १९९२पासून इथल्या संग्राम संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत काम केलं. निरोध वाटणाऱ्या त्याच, समजावणाऱ्याही त्याच. आधी धंदा सोड, मग मदत करतो, अशी अट कुणी घातली नाही. नशेच्या बाबतीत मात्र ही अट आपण सगळेच घालतो.

एमडीला ब्युप्रेनॉर्फिनसारखा पर्याय नाही, त्यामुळं इथं समुपदेशन आणि धीर यांवरच भिस्त. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये सुई वाटून वापरली जाते, तिथं स्वच्छ सुई आणि हिपॅटायटिसची तपासणी लागते. साताऱ्यात परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं काम करते, पण दोन जिल्ह्यांना तेवढ्यानं पुरं पडणार नाही.

कायद्यात एक दार आहे, कलम ६४अ. अल्प प्रमाणाचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं ते घेतले, तर त्या आरोपाचा खटला त्याच्यावर चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर ही माफी काढून घेता येते. पोराला पकडल्याचा फोन येतो तेव्हा घरचे जामिनासाठी वकील गाठतात. त्याच भेटीत ६४अ बद्दल विचारावं.