स्टुडंट टी-टेस्ट की वेल्च टी-टेस्ट?

दोन स्वतंत्र गटांच्या सरासरींची तुलना करायची, म्हणजे टी-टेस्ट. पण या नावाखाली दोन चाचण्या आहेत. स्टुडंटची (हे गॉसेट यांचं टोपणनाव) चाचणी (1908) दोन्ही गटांचा व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा (नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत त्याच्या मापाचा) वर्ग, सारखाच आहे असं धरून चालते आणि दोन्हींचा मिळून एकच अंदाज काढते. वेल्चची चाचणी (1947) प्रत्येक गटाचा व्हेरियन्स त्याच्याच नमुनासंख्येने भागते आणि मग बेरीज करते. फरक एवढाच, पण कधीकधी निकाल उलटतो.

समजा लहान गटात 10 नोंदी, प्रमाण विचलन 12; मोठ्या गटात 40 नोंदी, प्रमाण विचलन 4; सरासरींतला फरक 6. स्टुडंटच्या रीतीने एकत्रित व्हेरियन्स (9×144 + 39×16) ÷ 48 = 40. प्रमाण त्रुटी (सरासरींतल्या फरकाच्या अनिश्चिततेचं माप) 2.24, टी (फरक भागिले प्रमाण त्रुटी) 2.68, डिग्रीज ऑफ फ्रीडम (अंदाजामागे किती स्वतंत्र माहिती आहे त्याचं माप) 48, पी साधारण 0.01. पी म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती पुरेशी लहान असेल तरच फरक खरा मानतात. वेल्चच्या रीतीने 144/10 + 16/40 = 14.8, त्याचं वर्गमूळ 3.85, टी 1.56, डिग्रीज ऑफ फ्रीडम जेमतेम 9.5, पी साधारण 0.15. इथे वेल्चचंच खरं मानायचं. खरी अनिश्चितता 10 नोंदींच्या विखुरलेल्या गटात आहे, आणि स्टुडंटच्या सूत्रात 40 नोंदींचा शांत गट ती झाकून टाकतो.

आता विचलनांची अदलाबदल करा: लहान गटाचं 4, मोठ्याचं 12. स्टुडंटचा टी 1.55 वर येतो, वेल्चचा 2.63 वर जातो. म्हणजे स्टुडंट एकदा नसलेला फरक दाखवू शकतो, तर एकदा असलेला फरक दडवू शकतो. दोन्ही गटांत नोंदी समान असतील तर टी अगदी तोच येतो. बदलतात त्या फक्त डिग्रीज ऑफ फ्रीडम.

‘आधी लेव्हीन चाचणी (व्हेरियन्स सारखे आहेत का ते तपासणारी) करा, मग ठरवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळावा. नमुना लहान असला की लेव्हीनला फरक बऱ्याचदा सापडत नाही, नेमकी गरज असते तेव्हा! शिवाय एका चाचणीच्या निकालावर दुसरी निवडली की नसलेला फरक दाखवण्याच्या चुकीचा आपण आधी ठरवलेला दर बिघडतो. सरळ पहिल्यापासून वेल्च वापरा. व्हेरियन्स खरोखर सारखे निघाले तरी तोटा नगण्य असतो.

सॉफ्टवेअरवर मात्र आंधळा विश्वास नको. आर ही संख्याशास्त्राची प्रणाली आपणहून वेल्च करते. पायथनच्या सायपाय लायब्ररीमध्ये ‘समान व्हेरियन्स’ हा पर्याय मुळात चालू असतो, तो बंद करावा लागतो. एक्सेलच्या टी-टेस्ट फंक्शनमध्ये शेवटचा आकडा 3 द्यायचा. 2 म्हणजे स्टुडंट, 1 म्हणजे जोडीची चाचणी. एसपीएसएस दोन्ही ओळी छापतं, दुसरी वाचायची.

वेल्च सगळं सावरत नाही. एकाच व्यक्तीच्या आधीच्या-नंतरच्या नोंदी असतील तर जोडीचीच चाचणी लागते. आणि पाच-सहा नोंदींत एखादं टोकाचं मूल्य असेल तर दोन्ही चाचण्या फसतात. मान-व्हिटनीकडे (नोंदींच्या मूल्यांऐवजी त्यांचे क्रम तुलना करणाऱ्या चाचणीकडे) वळणं हाही उपाय नव्हे: विखुरणं असमान असेल तर सरासरींच्या प्रश्नाचं उत्तर ती देत नाही.