रक्तातले रेणू, एकेक करून मोजलेले

रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 40 मिलिग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन असतं. त्याच मिलिलिटरमध्ये इंटरल्युकिन-6 हे दाहाची वर्दी देणारं प्रथिन निरोगी माणसात जेमतेम काही पिकोग्रॅम भरतं (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). वजनात दोघांमधला फरक सुमारे हजार कोटी पटींचा. आणि आजाराची पहिली चाहूल देणारी प्रथिनं बहुधा या गर्दीच्या अगदी तळाशी असतात. झिजू लागलेली चेतापेशी किंवा नुकतीच रुजलेली गाठ रक्तात फार थोडं काही सोडते.

एवढ्या गर्दीतून एकच प्रथिन वेचायचं तर त्याला ओळखणारं कुणीतरी हवं. ते काम प्रतिपिंडं करतात, म्हणजे ठरावीक रेणूलाच ओळखून चिकटणारी रोगप्रतिकारक यंत्रणेची प्रथिनं. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस प्रतिपिंडं आणि किरणोत्सर्गी खूण यांच्या मदतीने रक्तातलं इन्सुलिन मोजलं. त्यासाठी यॅलो यांना 1977 मध्ये नोबेल मिळालं; बर्सन तोवर हयात नव्हते. 1971 मध्ये स्वीडनमध्ये एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमन यांनी किरणोत्सर्गाऐवजी एन्झाइमची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची, खूण वापरली. हीच एलायझा. एक प्रतिपिंड प्रथिनाला धरून ठेवतं, दुसरं त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या बाजूला चिकटतं, आणि त्या दुसऱ्याला जोडलेलं एन्झाइम द्रावणाला रंग आणतं. रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. प्रयोगशाळांमध्ये आजही ही पद्धत रोज वापरली जाते.

पण रंगाच्या गडदपणावर विसंबण्याला मर्यादा आहे. प्रथिनाचे रेणू मोजकेच असतील तर त्यांच्या एन्झाइमांनी बनवलेला रंग 100 मायक्रोलिटर द्रावणात पसरून दिसेनासा होतो. एन्झाइम आपलं काम चोख करत असतं, पण त्याचा रंग पाण्यात हरवतो. मग पाणीच कमी केलं तर?

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत प्रतिपिंडं बसवलेले, 3 मायक्रोमीटरपेक्षाही लहान चुंबकीय मणी नमुन्यात सोडतात. मण्यांची संख्या मुद्दाम प्रथिनाच्या रेणूंपेक्षा बरीच जास्त ठेवतात, त्यामुळे बहुतेक मण्यांच्या वाट्याला काहीच येत नाही आणि काहींच्या वाट्याला एखादाच रेणू येतो. मग एलायझासारखंच एन्झाइम जोडलेलं दुसरं प्रतिपिंड लावतात आणि हे मणी अशा खळग्यांमध्ये बसवतात, की एका खळग्यात एकच मणी मावेल. खळग्याचं आकारमान सुमारे 50 फेम्टोलिटर, म्हणजे मघाच्या 100 मायक्रोलिटरच्या 200 कोटी पट कमी. वरून तेलाचा थर देऊन प्रत्येक खळगा बंद केला की आतल्या एकट्या एन्झाइमने बनवलेले चमकणारे रेणू बाहेर पसरू शकत नाहीत. थोड्याच वेळात तो खळगा सूक्ष्मदर्शकाखाली ठळक उजळतो. शेजारचे काळेच राहतात. आता गडदपणाचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही, उजळलेले खळगे फक्त मोजायचे. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: यंत्राची नजर तीक्ष्ण करण्याऐवजी प्रश्नच बदलला. ‘किती रंग आहे?’ याऐवजी ‘इथे कुणी आहे की नाही?’

प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेल्या पुरुषांच्या रक्तात या पद्धतीने पीएसए हे त्याच ग्रंथीत बनणारं प्रथिन मिलिलिटरमागे 14 फेम्टोग्रॅमपर्यंत मोजता आलं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये अडीच-तीन लाख रेणू. आकडा मोठा वाटेल, पण वजनाने तो ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही सत्तराव्या हिश्शाएवढा आहे.

खरी झुंज मात्र वेगळ्याच ठिकाणी असते. खूण लावलेलं प्रतिपिंड कधीकधी प्रथिन नसतानाही मण्याला नुसतंच चिकटतं आणि रिकामा खळगा उजळतो. त्या खोट्या उजेडाखाली खरे रेणू बुडाले, की यंत्र कितीही महागडं असो, उपयोग नाही. म्हणून असं नुसतंच चिकटलेलं प्रतिपिंड मण्यांवरून धुऊन काढण्यावर एवढा भर असतो. मोजणीच्या पद्धतीचा आणखी एक फायदा इथे होतो: एकेक एन्झाइम दिसत असल्यामुळे खुणेचं प्रतिपिंड कमी वापरून भागतं, आणि खोटं चिकटणंही घटतं. स्वीडनमधल्या उप्साला इथे उल्फ लांडेग्रेन यांच्या गटाने 2002 मध्ये याच शत्रूवर दुसरा तोडगा काढला. दोन्ही ओळखणाऱ्या रेणूंना डीएनएचं एकेक टोक जोडायचं. दोघेही एकाच प्रथिनावर शेजारी बसले तरच टोकं सांधली जातात आणि पीसीआरने त्यांच्या असंख्य प्रती निघतात. एकटा चुकीच्या जागी चिकटला तर काहीच घडत नाही. साक्ष दोघांची लागते.

रुग्णाला याचा काय उपयोग? हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारं ट्रोपोनिन पूर्वीच्या चाचण्यांना निरोगी माणसात दिसतच नसे. आताच्या अतिसंवेदनशील चाचण्या निम्म्याहून अधिक निरोगी माणसांतही ते मोजतात. त्यामुळे छातीत दुखत असलेल्या माणसाच्या रक्तात तासाभरात आकडा हलला की स्थिर राहिला हे पाहता येतं. मेंदूच्या बाबतीत तर याहून मोठा बदल झाला आहे. त्याची प्रथिनं पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात जास्त आणि रक्तात फारच कमी असतात, म्हणून कण्यात सुई घालावी लागे. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. त्यात पी-टाऊ 217 आणि बीटा-अमायलॉइड 42 या दोन प्रथिनांचं गुणोत्तर पाहतात. स्मरणशक्तीच्या तक्रारी घेऊन आलेल्या माणसासाठी कण्यातली सुई टळणं ही लहान गोष्ट नव्हे.

अर्थात ट्रोपोनिन मूत्रपिंडाच्या आजारातही वाढतं, त्यामुळे नुसता बारीक आकडा म्हणजे निदान होत नाही. शिवाय नमुना यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच बिघडू शकतो. बीटा-अमायलॉइड 42 हे फार चिकट प्रथिन. ते नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतं आणि मोजणीत कमी भरतं. पाठीतला द्रव गोळा करताना नळी कोणत्या प्लास्टिकची, ती किती भरली, द्रव एका नळीतून दुसऱ्या नळीत किती वेळा ओतला, या सगळ्याने आकडा बदलतो. म्हणून द्रव थेट कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत घ्यायला आणि तो पुन्हा ओतणं टाळायला सांगतात.