पुनरपराध

एकदा दोषी ठरलेल्या किंवा शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तीने पुन्हा गुन्हा करणे म्हणजे पुनरपराध. पोलीस ठाण्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या मराठीत अशा माणसाला ‘सराईत’ किंवा ‘रेकॉर्डवरचा गुन्हेगार’ म्हणतात. सराईत म्हणजे हात बसलेला, धंद्यात मुरलेला. पण मोबाइल चोरून दुसऱ्यांदा किंवा दारूच्या नशेत मारामारी करून तिसऱ्यांदा आत आलेला माणूसही याच शब्दात कोंबला जातो आणि तो परत का आला हा प्रश्न तिथेच मिटतो.

पुनरपराध मोजणे अवघड आहे. ‘पुन्हा’ म्हणजे पुन्हा अटक, पुन्हा दोषसिद्धी की पुन्हा तुरुंगवास, यावर आकडा पालटतो. अमेरिकेतील ३० राज्यांच्या तुरुंगांतून २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी ६७.८ टक्के तीन वर्षांत आणि ७६.६ टक्के पाच वर्षांत पुन्हा पकडले गेले. नॉर्वेत दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. हे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण एक अटकेचा आहे, दुसरा शिक्षेचा, आणि मुदतही सारखी नाही. भारतातील कारागृहांची वार्षिक आकडेवारी आत कोण आहे ते सांगते. सुटलेल्यांचे पुढे काय झाले, ते तिच्यात सापडत नाही.

माणूस गुन्ह्याकडे का वळतो याचे सर्वांत जुने आणि सर्वांत घातक उत्तर ‘रक्तातच आहे’ हे होते. इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोझो याने १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली; त्याआधीच, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने भारतात गुन्हेगार जमाती कायदा करून पूर्ण जमातींनाच गुन्हेगार ठरवले होते. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवले, हजेऱ्या लावल्या. त्या वस्तीला आजही लोक ‘सेटलमेंट’च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण कायद्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशयाचा रोख फारसा हलला नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालांवर पडते, हे महाराष्ट्रातल्या कुणाही वाचकाला सांगायला नको. ज्याने काही केलेले नाही त्यालाही वारंवार उचलले, तर त्याच्या नावापुढे ‘रेकॉर्ड’ तयार होतेच. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांमधील जातीवर आधारलेला भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि विमुक्त जमातींना जन्माने सराईत मानणारे उल्लेखही त्यात आले.

अभ्यास मात्र वेगळेच सांगतो. बॉस्टन परिसरातील ५०० बालगुन्हेगारांचा अभ्यास शेल्डन आणि एलेनॉर ग्लुक या दांपत्याने सुरू केला होता. पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी त्याच मुलांचा माग ते सत्तरीला पोचेपर्यंत काढला. बहुतेकांनी कधी ना कधी गुन्हेगारी सोडली. कुणाला लग्नाने धरून ठेवले, कुणाला टिकाऊ नोकरीने, कुणाला लष्कराने. बाकी काम वयाने केले. लहानपण पाहून कोण आयुष्यभर गुन्हेगार राहील हे नेमके सांगता आले नाही.

मग परत येणारे का येतात? उत्तराचा मोठा भाग सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. फाटकाबाहेर पडलेल्या माणसाजवळ आतल्या कामाची थोडी मजुरी असते. भाड्याची खोली गेलेली असते, बायको मुलांना घेऊन माहेरी असते, शिधापत्रिकेतले नाव कमी झालेले असते. काम मागायला गेले की चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. त्या संध्याकाळी जेवण आणि झोपायला जागा देणारा जर कुणी असेल, तर तो बहुधा बराकीतला जुना सोबती असतो.

हा केवळ कळवळ्याचा मुद्दा नाही. समाजशास्त्रज्ञ डिव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरीसाठी पाठवले. त्यांतल्या काहींनी तुरुंगवास झाल्याचे सांगायचे होते. गोऱ्या उमेदवारांपैकी स्वच्छ नोंद असलेल्या ३४ टक्क्यांना मालकांकडून पुढचे बोलावणे आले, तुरुंगवास सांगणाऱ्यांना १७ टक्के. काळ्या उमेदवारांत हेच प्रमाण १४ आणि ५ होते. म्हणजे काळ्या माणसाला निर्दोष असूनही सुटलेल्या गोऱ्या कैद्याइतकी संधी नव्हती. वॉशिंग्टन राज्यातील आणखी एका पाहणीत सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळपास १३ पट आढळला. त्यात अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे मृत्यू सर्वाधिक होते. ज्या दिवसांत माणूस जीव गमावू शकतो, त्याच दिवसांत तो वाट चुकूही शकतो.

दुसरे कारण तुरुंगाच्या आतच असते. २०२२ अखेर देशात ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. किरकोळ चोरीत पकडलेल्या मुलाला जामीनदार मिळत नाही, म्हणून तो गर्दीच्या बराकीत महिनोन्‌महिने राहतो. पक्क्या कैद्याप्रमाणे त्याला शिक्षेतले काम नसते, आणि सुटकेची तारीख माहीत नसल्याने कुठले शिक्षणही धड लागत नाही. मिळते ती संगत. पहिल्या गुन्ह्यापेक्षा हीच बहुधा जास्त महाग पडते.

कायद्याने यावर आजवर मुख्यतः कडकपणाचा उपाय केला. भारतीय दंड संहितेचे कलम ७५, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १३, मालमत्तेविरुद्धच्या व अन्य काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास शिक्षा वाढवते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार माणसाला दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येते. वस्तीतल्या लोकांना त्या काळात दिलासा मिळतो, हे खरे. पण तडीपारी माणसाला घर, ओळखी आणि रोजगार यांपासून तोडते, आणि गुन्ह्यापासून परतवणाऱ्या गोष्टी नेमक्या ह्याच आहेत. नुसती भीती घालून तर उलटेच होते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांकडून मुलांना दरडावण्याचा उपक्रम १९७० च्या दशकात गाजला. पुढच्या काटेकोर तपासणीत अशा उपक्रमांतली मुले, काहीच न केलेल्या मुलांपेक्षा, अधिक गुन्हे करताना आढळली.

प्रतिबंधाची खरी सुरुवात तुरुंगात न पाठवण्यापासून होते. १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याने न्यायालय दोषीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकते. २१ वर्षांखालील तरुणाला पात्र गुन्ह्यात कैद द्यायची असेल तर न्यायालयाला त्याची कारणे लिहावी लागतात. याच कायद्याचे कलम १२ त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते. इतके मोलाचे कलम इतके अप्रसिद्ध राहावे याचे वाईट वाटते. नव्या संहितेत ५,००० रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी, माल किंवा किंमत परत केल्यास, समाजसेवेच्या शिक्षेवर भागते.

ज्यांना आत राहावेच लागते, त्यांचे बाहेरचे धागे तुटू नयेत हे दुसरे काम. महाराष्ट्रात कैद्याला काही दिवस घरी जाऊ देणाऱ्या संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचा हाच हेतू आहे. ‘गळाभेट’ उपक्रमात मुलांना काचेआडून न पाहता जवळ घेता येते. राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यापासून सुरू केलेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत बंद्याला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि ते त्याच्या तुरुंगातील मजुरीतून फिटते. मुलीची फी किंवा आईचे औषध आपल्या कमाईतून देणारा माणूस घरच्यांच्या हिशेबातून पुसला जात नाही.

या विचाराची सर्वांत धाडसी कसोटी महाराष्ट्राच्याच मातीत झाली. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या आग्रहावरून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसाहत सुरू केली. भोवती भिंत नाही. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे शेती करत, कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. सांगली जिल्ह्यातली ही वसाहत आजही कारागृह विभागाकडे आहे. पैठण आणि येरवडा येथेही खुली कारागृहे आहेत. खुल्या कारागृहात निवडलेलेच बंदी जातात, त्यामुळे त्यांच्या चांगल्या वागण्याचे सगळे श्रेय मोकळ्या जागेला देता येत नाही. तरी कुंपण नसताना माणसे थांबतात, हे तिथे रोज दिसते.

कॅनडाचे डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बोंटा यांनी मांडलेले सूत्र इथे उपयोगी पडते: ज्याचा धोका अधिक त्याला मदत अधिक, मदत गुन्ह्यामागच्या नेमक्या कारणाला लागू असावी, आणि ती त्या माणसाला पेलेल अशा रीतीने द्यावी. कमी धोक्याच्या माणसाला कडक कार्यक्रमात घातल्याने नुकसानही होते. दारू सोडवायची गरज असलेल्याला शिलाईयंत्र देऊन भागत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाने १९९० पासून मुंबईत हे काम धरले आहे: कच्च्या कैद्याला वकील गाठून देणे, घरच्यांशी बोलणे, सुटल्यावर निवारा आणि कामाची सोय लावणे. काम बारीक आहे, एकेका माणसामागे महिने जातात, आणि ते सुटकेच्या दिवशी सुरू करून चालत नाही. माणूस आत असतानाच त्याच्या घरचा पत्ता शोधावा लागतो.