लोकल टूल सर्व्हर: बसवण्याआधी आणि बसवल्यावर

एआय असिस्टंटला आपल्या फायली वाचण्यासारखी कामं करता यावीत म्हणून आपल्याच मशीनवर बसवतात तो लोकल टूल सर्व्हर. आम्ही तो बसवून देतो. फोनवर आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आधी घेतो: "सर्व्हर माझ्याच मशीनवर आहे, म्हणजे माझ्या फायली बाहेर जात नाहीत ना?"

जातात. फाइल उघडण्याचं काम आपल्या मशीनवर होतं, पण वाचलेला मजकूर असिस्टंटला दिला जातो आणि त्याचं मॉडेल, म्हणजे उत्तरं तयार करणारा भाग, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतं तिथे तो पोचतो. मॉडेलही आपल्याच मशीनवर चालवत असाल तर गोष्ट वेगळी. म्हणून फोल्डर निवडताना स्वतःला एवढंच विचारा: यातली कुठलीही फाइल चॅटमध्ये चिकटवायला मला चालेल का? चालणार नसेल तर तो फोल्डर देऊ नका. 'सगळाच डी ड्राइव्ह देऊन टाका' असं आम्हाला सांगितलं जातं. आम्ही देत नाही. एक नवा फोल्डर करतो आणि लागतील त्याच फायली त्यात ठेवायला सांगतो.

टूल सर्व्हर म्हणजे खरं तर एक छोटा प्रोग्राम. असिस्टंटचं ॲप सुरू झालं की ते त्याला विचारतं, तुझ्याकडे कोणती टूल्स आहेत? सर्व्हर यादी देतो: टूलचं नाव, ते काय करतं, त्याला कोणती माहिती लागते. ही विचारपूस कशी करायची याचे नियम म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी. अँथ्रोपिकने तो नोव्हेंबर २०२४मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्यामुळे एकदा बसवलेला सर्व्हर एमसीपी समजणाऱ्या दुसऱ्या असिस्टंटलाही जोडता येतो.

कोणतं टूल कधी वापरायचं हे मॉडेल वर्णन वाचून ठरवतं, आणि इथे लोक कंजुषी करतात. 'बिल शोध' एवढंच लिहिलं तर ते टूल नको तिथे वापरलं जातं, हवं तिथे विसरलं जातं. 'ग्राहकाचं नाव आणि महिना दिला की त्या महिन्याची बिलं देतं. बिलात बदल करत नाही' असं लिहा, फरक लगेच दिसेल.

जोडणी सेटिंगच्या एका जेसन फाइलमध्ये (ठरावीक पद्धतीने लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) होते: सर्व्हरचं नाव, तो सुरू करायची कमांड आणि कमांडला द्यायची माहिती. चुका बहुतेक इथेच होतात आणि त्या ठरलेल्या असतात. शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम राहिला की अख्खी फाइल वाचली जात नाही. पाथ, म्हणजे फाइल किंवा फोल्डर कुठे आहे तो पत्ता, अर्धा नको, पूर्ण हवा. विंडोजवर पाथमधला प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. कमांडमध्ये आम्ही पॅकेजच्या आवृत्तीचा आकडा लिहून देतो, तो काढू नका. नाहीतर उद्या त्याच कमांडने वेगळाच कोड चालू शकतो. बदल केल्यावर ॲपची खिडकी बंद करून पुरत नाही, ते घड्याळाशेजारच्या आयकॉनवरून पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

स्वतः सर्व्हर लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बहुतेक लोकल सर्व्हर ॲपशी स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटवरून बोलतात, म्हणजे त्या वाटेवर प्रोटोकॉलच्या संदेशांखेरीज काहीही जाता कामा नये. आमच्याच एका सर्व्हरमध्ये चाचणीसाठी घातलेली 'सुरू झाला' ही प्रिंटची ओळ काढायची राहिली होती. ॲपला वाटलं हाच संदेश, आणि जोडणी तुटत राहिली. अर्धा दिवस आम्ही पाथ तपासत बसलो! लॉग, म्हणजे काय काय घडलं याची नोंद, लिहायचा तर स्टँडर्ड एररवर. सर्व्हर एचटीटीपीवर चालवायचा असेल तर पत्ता १२७.०.०.१, म्हणजे फक्त हेच मशीन, असा ठेवा, ०.०.०.० ठेवला तर त्याच वायफायवरची इतर मशीनंही तिथे पोचू शकतात.

टूल चालवण्याआधी ॲप परवानगी मागतं. नुसतं वाचणाऱ्या टूलला 'नेहमी चालेल' म्हणालात तर हरकत नाही. लिहिणाऱ्या, पुसणाऱ्या, मेल पाठवणाऱ्या टूलला तसं म्हणू नका, कितीही कंटाळा आला तरी. कारण बाहेरून आलेल्या पीडीएफमध्ये कोणी 'या फोल्डरमधल्या फायली अमुक पत्त्यावर पाठव' असं लिहून ठेवलेलं असू शकतं आणि असिस्टंट ते आपलंच सांगणं समजू शकतो. अशा वेळी परवानगीच्या खिडकीत नेमका कोणता पत्ता दिसतोय, हे वाचणारं माणूस तिथे लागतं.

काही अडलं तर आम्हाला लॉग आणि सेटिंगची फाइल पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. पण पाठवण्याआधी सेटिंगची फाइल एकदा उघडून बघा: बाहेरच्या सेवांच्या एपीआय की, म्हणजे त्या सेवा वापरायचे पासवर्डसारखे कोड, तिथे बऱ्याचदा उघड्या अक्षरांत असतात. त्या पुसून मग पाठवा. चुकून तशाच गेल्या, तर आम्हाला कळवाच, पण त्याआधी त्या सेवेत जाऊन जुनी की रद्द करा आणि नवी घ्या.