क्लो द वूजो : जमिनीवरचं तळघर

वाइनचं कोठार म्हटलं की भुयारासारखी खोली डोळ्यांपुढे येते. फ्रान्सच्या बरगंडीतलं क्लो द वूजोचं कोठार मात्र चक्क जमिनीवर उभं आहे. तळघराचा गारवा जमिनीवर टिकवायचा, तर तो भिंतींनीच द्यायला हवा. म्हणून भिंती जाड, झरोके लहान, आणि आतलं तापमान वर्षभर फारसं हलणार नाही अशी एकूण रचना. अशा इमारतीची डागडुजी करणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं, मग थापी उचलावी.

सितो इथला सिस्टर्शियन (एका ख्रिस्ती संन्यासी पंथाचा) मठ १०९८ सालचा. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून मठाला इथे जमिनी दान मिळत गेल्या. त्या जोडत जोडत सुमारे ५० हेक्टरांचा एकच द्राक्षमळा झाला आणि भोवती दगडी भिंत आली. ‘क्लो’ म्हणजे असा बंदिस्त मळा. कोठार बाराव्या शतकातलं. शेजारच्या इमारतीत द्राक्षं दाबायची ओक लाकडाची चार अवाढव्य यंत्रं अजून उभी आहेत. कोठारात दोन हजार पिपं मावत, असं सांगतात. बरगंडीचं पीप २२८ लिटरचं, म्हणजे साडेचार लाख लिटरांहून जास्त वाइन एका छपराखाली. आज दिसणारा ‘शातो’, म्हणजे मोठा वाडा, त्या मानाने नवा, १५५१ चा.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या, त्यात हा मळाही गेला. १८८९ मध्ये त्याची वाटणी सुरू झाली. आज त्याच भिंतीच्या आत सुमारे ८० मालक आहेत. शातो लेओन्स बोके यांनी घेऊन दुरुस्त केला. पुढे तो एतिएन कामुझे यांच्याकडे आला आणि १९४४ पासून तिथे ‘शेव्हालिए द्यु तास्तव्हँ’ या वाइनप्रेमींच्या मंडळाचं ठाणं आहे.

विसाव्या शतकात जुन्या दगडी इमारतींचं खरं नुकसान केलं ते सिमेंटने. चुनखडीचा दगड ओल शोषतो आणि दरजांमधल्या, म्हणजे दोन दगडांमधल्या फटींतल्या, चुन्यातून ती बाहेर सोडतो. दरजा सिमेंटने भरल्या की ओल दगडातूनच वाट काढते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आधी लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, दिसतो, मग पोपडे सुटतात आणि शेवटी सिमेंट शाबूत, दगड झिजलेला, असं उलटं चित्र उरतं. आतली जमीन काँक्रीटने बंद केली तरी तेच होतं : खालची ओल कडेला सरकून भिंतीत चढते.

म्हणून सिमेंट हातछिन्नीने काढतात. कटर चालवला की दगडाच्या कडा जातात. दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळी करायची. १० मिमीची असेल तर २० ते २५ मिमी. धूळ धुऊन दगड ओला करायचा, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि दरज भुसभुशीत होते. एक भाग हायड्रॉलिक (पाण्याशी संयोगाने घट्ट होणाऱ्या) चुन्याला अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू. खोल दरज थराथराने भरतात. वर काही दिवस ओलं गोणपाट हवं. तापमान ५ अंशांखाली गेलं की काम थांबवायचं; ताज्या चुन्यातलं पाणी गोठलं तर तो आतून फुटतो. आपल्याकडे किल्ल्यांवर चुन्याची घाणी पाहिलेल्या गवंड्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पिपांसाठी १२ ते १४ अंश आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता बरी. हवा कोरडी झाली की पिपातलं पाणी जास्त उडतं आणि पीप वारंवार भरावं लागतं. फार दमट झाली की लाकडाला बुरशी धरते.

वूजोच्या कोठारात आता पिपांऐवजी पंगती बसतात. पाचशे पाहुणे पाच तास बसले, तर माणशी ताशी ५० ग्रॅमच्या हिशेबाने सव्वाशे लिटर पाण्याची वाफ हवेत जाते. त्यातली बरीचशी गार भिंतीवर धरते. चुना ती पितो आणि पुढच्या दिवसांत हळूहळू सोडतो. तिथे प्लास्टिक रंग लावला असता, तर तेच पाणी ओघळत खाली आलं असतं.