पिगमेंट्स

संगणक प्रोग्रामच्या मूळ मजकुरातील राखीव शब्द, स्ट्रिंग (अवतरणांतील मजकूर), अंक, टिपा इत्यादी घटक निरनिराळ्या रंगांत वा टंकशैलीत दाखवून एचटीएमएल, लाटेक, आरटीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपाचा दस्तऐवज तयार करणारे, पायथॉन भाषेत लिहिलेले मुक्त साधन. गेऑर्ग ब्रांडल व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या साधनाची पहिली सार्वजनिक आवृत्ती ऑक्टोबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रोग्रामचा मजकूर असा सजवण्याची सुरुवात कोठे झाली, याबाबत मतभेद आहेत. काहींच्या मते अनिता क्लॉक व जॅन चोडॅक यांचा १९८२ मधील पेटंट-अर्ज हा पहिला पुरावा होय. अन्य अभ्यासक माइक काउलिशॉ यांनी ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संगणकीकरणासाठी १९८५ च्या सुमारास लिहिलेल्या लेक्स या संपादकाकडे बोट दाखवतात. परंतु हे दोन्ही दाखले पडद्यावरील लेखनाचे आहेत. छापील दस्तऐवजापुरते पाहिल्यास बर्कली युनिक्स या संचालन प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीतील (साधारणतः १९७९ ची अखेर) व्हीग्राइंड हे साधन अधिक जुने ठरते. ते राखीव शब्द ठळक, टिपा तिरप्या आणि फंक्शनची नावे समासात छापण्याची व्यवस्था करी. अल्गॉल-६० या प्रोग्रामिंग भाषेच्या अहवालातही राखीव शब्द ठळक आहेत, मात्र ती जुळाऱ्याची करामत होती, साधनाची नव्हे. त्यामुळे पिगमेंट्सची वंशावळ व्हीग्राइंडपासून मांडणे अधिक सयुक्तिक वाटते.

पिगमेंट्सचा लेक्सर नियमित पदावल्यांच्या (मजकुरातील नमुने ओळखणाऱ्या सूत्रांच्या) आधारे मजकुराचे तुकडे पाडतो, त्यांवर प्रकाराचा शिक्का मारतो आणि फॉरमॅटर त्यानुसार रंग भरतो. केवळ पदावल्या पुरत नाहीत, म्हणून लेक्सर अवस्थांची चळत (एकावर एक रचलेली नोंद) राखतो : पायथॉनमध्ये हॅश चिन्हापासून टीप सुरू होते, पण तेच चिन्ह अवतरणात आले तर लेक्सर त्या वेळी स्ट्रिंगच्या अवस्थेत असल्याने त्याला टीप समजत नाही. व्याकरणाचे पूर्ण विश्लेषण तो करत नाही. त्यामुळे चुकीचा वा अपुरा मजकूरही रंगवला जातो, हा तोटा नसून सोयच मानावी लागेल.

५०० हून अधिक भाषा व स्वरूपे त्याला ओळखता येतात. ब्रांडल यांचेच स्फिंक्स हे दस्तऐवज-निर्मितीचे साधन, लाटेकमधील मिंटेड हे पॅकेज आणि २०१५ पासून विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी यांत त्याचा वापर होतो; मराठी विकिपीडियावरील प्रोग्रामचे नमुनेही त्यामुळे याच साधनातून रंगून येतात. पायथॉनमधील देवनागरी चलनामे लेक्सर बिनचूक ओळखतो. अडचण येते ती अक्षरजुळणीत, कारण समरुंद (सर्व अक्षरे सारख्या रुंदीची असलेल्या) टंकांत बहुधा देवनागरी नसते आणि बदली टंक आल्यावर स्तंभांची रेघ मोडते.