खुलासा : शोधनिबंध छापला म्हणजे शासनाला कळवलं, असं नाही

‘चांगलं संशोधन सरकारपर्यंत आपोआप पोहोचतं’ हा समज मराठवाड्यातल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. मंत्रालयातली फाईल कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीपासून वर सरकते; त्या टेबलावर इंग्रजी नियतकालिक कुणी उघडत नाही.

दुष्काळाचंच घ्या. 2018 आणि 2023, दोन्ही वर्षी राज्याने खरिपाचा दुष्काळ 31 ऑक्टोबरला जाहीर केला. आधी पाऊस, मग पेरणी, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल असे निकष तपासले जातात आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. म्हणजे संशोधक म्हणून ओलाव्याची तुमची आकडेवारी सप्टेंबरअखेर जिल्हाधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या हाती हवी. डिसेंबरात, नागपूर अधिवेशनात, निवेदन दिलं तर फोटो निघतो, निर्णय मात्र झालेला असतो.

आकडे तालुकानिहाय द्या, जमलं तर महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटानुसार. जिल्ह्याच्या सरासरीत कोरडी मंडळं झाकली जातात, आणि तिथल्याच शेतकऱ्याची मदत हुकते. हे फार सलतं.

अधिकाऱ्याला द्यायचं टिपण मराठीत, एकाच पानाचं. पहिल्या दोन ओळींत मागणी: कोणत्या शासन निर्णयातला कोणता मुद्दा बदलायचा, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य तिथे नको. त्यावर कुणाला सही करता येत नाही. अनिश्चितता मात्र लपवू नका, आकड्यातच सांगा. टिपण दिल्यावर कार्यालयाच्या नोंदीचा आवक क्रमांक घ्या. अधिकाऱ्याची बदली झाली, तर नव्या माणसाकडे तोच क्रमांक घेऊन जाता येतं.